कोंडा कायमचा जात नाही, गजकर्ण मात्र मुळासकट गेलं पाहिजे

‘मलम लावलं, बरं वाटलं, आणि पुन्हा झालं.’ ही तक्रार करणाऱ्यांत दोन तट असतात. पहिल्या तटातल्या लोकांनी बुरशी समूळ घालवायचा हट्ट धरलेला असतो, आणि ती बुरशी तशी जाणारी नसते. दुसऱ्या तटातल्यांनी खाज थांबताच मलमाची ट्यूब कपाटात टाकलेली असते, आणि तिथे मात्र बुरशीचा शेवटचा धागा मरेपर्यंत थांबायचं नसतं. कातडीवरच्या बुरशांपैकी काही घरच्या आहेत, काही उपटसुंभ. औषधं पुष्कळदा तीच असली तरी दोघींशी वागायची रीत अगदी उलटी आहे.

आधी घरची. तिचं नाव मॅलासेझिया. हे एकपेशी यीस्ट जन्मानंतर लगेचच बाळाच्या कातडीवर मुक्काम करतं आणि पुढे आयुष्यभर सोबत राहतं. २०१३ मध्ये १० निरोगी प्रौढांच्या अंगावरच्या १४ जागांचे नमुने घेऊन त्यांतल्या बुरशांची जनुकीय ओळख पटवली गेली. धड, डोकं आणि हात अशा ११ जागी मॅलासेझियाचंच राज्य निघालं. पावलांच्या ३ जागांवर मात्र जत्रा होती: टाचेवर बुरशांच्या सुमारे ८० प्रजाती-गटांचे माग सापडले, बोटांच्या बेचक्यांत ६०, पायाच्या नखांवर ४०. तळपायाला तेलग्रंथी नसतात, आणि मॅलासेझियाचा सगळा संसार तेलावर चालतो. ही बुरशी स्वतः स्निग्धाम्लं बनवूच शकत नाही. २००७ मध्ये तिच्या ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सुमारे ४,३०० जनुकांत स्निग्धाम्लं बनवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुकच नव्हतं. त्याऐवजी दुसऱ्याचं तेल फोडणाऱ्या लायपेज विकरांची जनुकं भरपूर होती.

म्हणूनच प्रयोगशाळेत ही बुरशी शंभर वर्षं लोकांना चकवत राहिली. कार्ल आइकश्टेट यांनी १८४६ मध्ये शिब्यांमध्ये बुरशी पाहिली, लुई-शार्ल मॅलासे यांनी १८७४ मध्ये कोंड्यात तिच्या पेशी पाहिल्या, पण नेहमीच्या आगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ती वाढेना. आगारवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर पसरला की वाढते. आजही साध्या फंगल कल्चरचा (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) अहवाल ‘वाढ नाही’ असा आला, तर त्यावरून मॅलासेझिया नाही असं ठरवता येत नाही. तेलाचं माध्यम वापरलं होतं का, हे विचारावं लागतं.

कोंडा होतो तो असा. ग्रंथींतून आलेल्या तेलातले ट्रायग्लिसराइड लायपेज फोडतं. सुटलेल्या स्निग्धाम्लांतली संपृक्त आम्लं बुरशी खाते, असंपृक्त तशीच उरतात, आणि त्यांत ओलेइक आम्ल मुख्य. ते कातडीच्या वरच्या मृत थरात मुरतं. काहींच्या डोक्याला त्याने काही होत नाही; काहींची कातडी बिथरते, पेशी घाईघाईने वर ढकलते आणि त्या पुंजक्यापुंजक्यांनी सुटतात. कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्यावर बुरशी कमी करून नुसतं ओलेइक आम्ल लावलं तरी कोंडा झाला. प्रवृत्ती नसलेल्यांना झाला नाही. तेल, बुरशी आणि प्रवृत्ती, तिन्ही जुळावी लागतात. यांतली प्रवृत्ती आपल्या हातात नाही. म्हणून कोंड्याला अस्वच्छतेचं लक्षण मानणं मला अन्यायाचं वाटतं. बाळाच्या टाळूवरची पिवळट, चिकट खपली पहिल्या काही महिन्यांत दिसते, आईच्या संप्रेरकांचा असर ओसरला की जाते, आणि वयात येताना तेलग्रंथी जाग्या झाल्या की कोंडा सुरू होतो, हेही याच हिशेबात बसतं. पार्किन्सन्स आणि एचआयव्हीच्या रुग्णांत हाच त्रास भुवया, नाकाच्या कडा, कानांमागे पसरून बराच तीव्र होतो.

आता शाम्पू. केटोकोनॅझोल २ टक्के आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. नंतर एक-दोन आठवड्यांतून एकदा, बेमुदत. झिंक पायरिथिऑन १ टक्का किंवा सेलेनियम सल्फाइड हेही चालतं. (युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये झिंक पायरिथिऑन मार्च २०२२ पासून बंद आहे, त्याची गणना प्रजननाला घातक द्रव्यांत झाली म्हणून, कोंड्यावर चालत नाही म्हणून नव्हे.) शाम्पू फुकट जातो तो लावण्याच्या पद्धतीमुळे. केस ओले करून भांग पाडत पाडत तो कातडीवर पोचवायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचा आणि घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा. केसांवर फेस करून अर्ध्या मिनिटात धुतला तर औषध मोरीत जातं. डोक्यावर आधीच फार तेल-मळ असेल तर एकदा साध्या शाम्पूने धुऊन मग औषधी शाम्पू लावावा. केस कोरडे पडले तर कंडिशनर फक्त टोकांना. महिनाभर हे नीट करूनही फरक नसेल तर औषधाचा घटक बदलून पाहायचा. तरीही खपल्या जाड, चंदेरी आणि केसांच्या रेषेबाहेर येणाऱ्या असतील तर तो सोरायसिस असू शकतो आणि डॉक्टरांनीच पाहायला हवा.

केसांना तेल लावल्यावर कोंडा कमी झाल्यासारखा दिसतो, कारण सुटे कण कातडीला चिकटतात. बुरशीला मात्र ते जेवणच. वनस्पतिजन्य तेलांतली बहुतेक स्निग्धाम्लं तिला चालतात. खनिज तेल, म्हणजे पॅराफिन, तिला पचत नाही. तेल लावायचंच असेल तर केसांच्या लांबीला लावावं, डोक्याच्या कातडीत मुरवू नये.

याच बुरशीने गोल पेशींबरोबर धागे धरायला सुरुवात केली की छाती, पाठ, मान, दंड यांवर शिबं उठतात. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड, जाडसर काड्या आणि त्यांच्यामध्ये द्राक्षांच्या घोसासारख्या गोल पेशी, हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. डाग पांढरट, तपकिरी किंवा गुलाबीसर असतो. खात्री करायची सोपी युक्ती: डागावर नख हलकं घासायचं किंवा दोन बोटांनी कातडी ताणायची. पिठासारखा बारीक भुसा सुटला तर बुरशी हजर आहे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, गुळगुळीत, भुसा नसलेला असतो. आणि फिकट डागावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर ते शिबं समजून मलमात वेळ घालवू नये. कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी.

शिब्यांवर तोच केटोकोनॅझोल शाम्पू चालतो: मानेपासून मांड्यांपर्यंत, डाग नसलेल्या भागावरसुद्धा, ५ मिनिटं, रोज एकदा असे ५ दिवस. किंवा सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के १० मिनिटं, ७ दिवस. दिसतील तेवढ्याच डागांना मलम पुसत बसणं हे परत होण्याचं एक मोठं कारण, कारण आजूबाजूच्या कातडीवरही तीच मंडळी असतात. दुसरी फसगत गोळीची. टर्बिनाफिन पोटातून घेतलं तर शिब्यांवर चालत नाही, कारण ते इथल्या बुरशीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत नाही. तेच मलम म्हणून चालतं. तिसरी गोष्ट रंगाची. बुरशी आठ-पंधरा दिवसांत मरते, रंग परतायला दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात. दरम्यान लोक ‘गुण नाही’ म्हणून औषधावर औषध लावत राहतात. नखाने भुसा निघेना म्हणजे काम झालं. पुढचं काम कातडीचं. दमट हवेत दरवर्षी उठत असतील तर त्या काळात महिन्यातून एकदा शाम्पूचा हात फिरवावा.

मॅलासेझियाचा तिसरा अवतार मुरुमांच्या वेषात येतो. कपाळ, छाती, पाठीवर एकाच मापाचे बारीक पुळ्यांचे थवे, भरपूर खाज, आणि काळ्या-पांढऱ्या टोकाच्या फुटकुळ्या अजिबात नाहीत. हे नेहमीचे मुरूम समजून प्रतिजैविक दिलं की बॅक्टेरिया हटतात, बुरशीला मोकळं रान मिळतं आणि पुळ्या वाढतात. प्रतिजैविकाने वाढलेले मुरूम ही मोठी खूण आहे.

एवढं वाचून तिला शत्रू मानू नये. तिने सोडलेलं एक प्रथिन-पाचक विकर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या उपद्रवी जिवाणूचा चिकट थर विरघळवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शाबूत कातडीवर ती निरुपद्रवी असते. इसबात कातडीचा बांध फुटतो, तिची प्रथिनं आत शिरतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई ही अॅलर्जीची प्रतिपिंडं तयार करतं. यांतल्या एका प्रथिनाची ठेवण माणसाच्याच मँगनीज सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराशी इतकी जुळते की प्रतिपिंडं स्वतःच्या विकरालाही ओळखू लागतात. डोकं-मान-चेहरा या पट्ट्यातलं हट्टी इसब काही वेळा बुरशीच्या औषधाने निवळतं ते यामुळे. आणि तेलाची ही आवड कुठवर जाते पाहा: ज्या नवजात बाळांना शिरेतून स्निग्ध पदार्थांचं सलाइन दिलं जातं, त्यांच्या नळीवर हीच बुरशी वाढून रक्तात उतरू शकते. तेव्हा औषधाइतकंच महत्त्वाचं ती नळी काढणं असतं.

आता उपटसुंभ. गजकर्ण, नायटा, चिखल्या, बुरशी लागलेलं नख ही बहुतेक करून डर्मॅटोफाइट नावाच्या घराण्याची कामं: ट्रायकोफायटन, मायक्रोस्पोरम, एपिडर्मोफायटन. यांना तेल नको, केराटिन हवं, म्हणजे कातडीचा मृत थर, केस आणि नख. माणसाकडून, मांजराच्या पिल्लाकडून, गुरांकडून, क्वचित मातीतून येतात. डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये डोक्याच्या अशा रोगांमागे बुरशी असल्याचं दाखवलं. जंतूंमुळे रोग होतात हे जगाने मान्य करायला अजून काही दशकं होती.

गजकर्णाचं कडं का होतं, हे समजलं की मलम कुठे लावायचं ते आपोआप कळतं. बुरशी मध्यातून बाहेर पसरते. मध्यभागी शरीराने प्रतिकार करून तिला बरंच हटवलेलं असतं, म्हणून तो भाग बरा दिसतो. जिवंत, खाणारी बुरशी लाल, खवल्याच्या कडेवर आणि तिच्या जरा पुढे असते. त्यामुळे मलम बाहेरून आत लावायचं, कडेच्या पलीकडच्या सुमारे २ सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या कातडीपासून. टर्बिनाफिन १ टक्का असेल तर साधारण एक-दोन आठवडे, क्लोट्रिमॅझोलसारखं अॅझोल गटातलं औषध असेल तर दोन ते चार आठवडे दिवसातून दोनदा, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी एक-दोन आठवडे. निस्टॅटिन यांच्यावर चालत नाही. ते कँडिडा या दुसऱ्या बुरशीचं औषध. डोक्यातलं गजकर्ण मलमाने बरं होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. तिथे पोटातूनच औषध लागतं, आणि मुलांत उशीर केला तर केस कायमचे जाऊ शकतात.

सगळ्यांत मोठा घोटाळा स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने होतो. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि कडक स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवसांत लाली आणि खाज गायब, कारण स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकारच दाबला. बुरशीच्या दृष्टीने पहारेकरी झोपला. ती रुंद पसरते, कडं पुसट होतं, एकात एक कडी उमटतात, आणि डॉक्टरांनाही ओळखू येईनासं होतं. अशा ‘वेष पालटलेल्या’ गजकर्णाला १९६८ पासून टिनिया इन्कॉग्निटो हे नाव आहे. जांघेत महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होऊन कायमचे ताणाचे व्रण पडतात. ट्यूबवरची नावं वाचायची सवय लावा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर खाजणाऱ्या गोल डागावर ती स्वतःच्या मनाने लावायची नाही.

यातच औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीची भर पडली आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जात २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी वेगळी म्हणून नोंदवली. टर्बिनाफिन ज्या विकराला अडवतं, त्या स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या जनुकातच तिच्यात पुष्कळदा बदल झालेला असतो, म्हणून गोळी नीट घेऊनही अंगभर पसरलेलं गजकर्ण हटत नाही. पूर्ण मुदत औषध घेऊन गुण नसेल तर तीच गोळी दुप्पट काळ ओढत बसण्यापेक्षा तपासणी करावी. नुसत्या कल्चरवरून ही जात तिच्या भाऊबंदांपासून ओळखू येत नाही, त्यासाठी जनुकीय चाचणी लागते.

तपासणीचा पहिला टप्पा स्वस्त आणि जुना आहे: खरवड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड. डाग स्पिरिटने पुसायचा, म्हणजे मलमाचा थर निघतो. बोथट पात्याने कडेवरचा खवला खरवडायचा. मध्यभागातून घेतला तर बुरशी हाती लागत नाही. काचपट्टीवर १० ते २० टक्क्यांच्या द्रावणाचा थेंब, वर झाकणकाच, हलकी ऊब (उकळू द्यायचं नाही, स्फटिक होतात), पाच-दहा मिनिटं थांबायचं. पेशी विरघळतात, बुरशीचे धागे राहतात. कल्चरला मात्र चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आदल्या आठवड्यात बुरशीचं मलम लावलेलं असेल तर दोन्ही चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात, हे आधी सांगावं. जांघेतला तपकिरी डाग वूड्सच्या (अतिनील किरणांच्या) दिव्याखाली प्रवाळासारखा लाल चमकला तर ती बुरशीच नव्हे, एरिथ्रॅझ्मा नावाचा जिवाणूचा रोग.

कँडिडाबद्दल थोडक्यात. तिचं बिऱ्हाड मुख्यतः तोंडात आणि आतड्यात. कातडीवर ती ओल्या घड्यांमध्ये उतरते. लालभडक, ओलसर चट्टा आणि त्याच्या सीमेबाहेर विखुरलेल्या बारीक पुळ्या ही तिची सही. लंगोटाखालचा लालपणा तीन दिवसांत साध्या मलमाने हटला नाही तर तिचा संशय घ्यावा. तिची बहीण कँडिडा ऑरिस २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून सापडली. काखेत आणि जांघेत ती महिनोन्‌महिने गुपचूप राहते, रुग्णालयातल्या पलंगांवर टिकते आणि क्वाटर्नरी अमोनियमच्या जंतुनाशकांना दाद देत नाही; क्लोरीनयुक्त लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला सर्वांत धोकादायक गटात ठेवलं आहे. निरोगी माणसाने घरी बसून तिची धास्ती घेण्याचं मात्र कारण नाही.

पायाकडे दुर्लक्ष होतं, आणि उपटसुंभांचं कोठार तिथेच असतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी सगळ्यांत चिंचोळी, तिथे चिखल्या पहिल्यांदा होतात. चड्डी वर ओढताना बुरशी पायावरून जांघेत जाते, म्हणून आधी मोजे आणि मग चड्डी, हा वेडगळ वाटणारा क्रम खरंच उपयोगी आहे. बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, पायाचा आणि जांघेचा टॉवेल वेगळा, मोजे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. कोमट पाण्याने बीजाणू मरत नाहीत आणि गळलेल्या खवल्यांत ते कित्येक महिने जिवंत राहतात. जांघेतलं गजकर्ण वारंवार होत असेल तर पाय आणि नखं तपासल्याशिवाय उपचार अर्धाच. चिखल्यांच्या भेगांतून जिवाणू शिरून पाय सुजणं, तापणं, लाल होणं हा धोका मधुमेहात आणि पायावर जुनी सूज असणाऱ्यांत फार असतो.

नख सगळ्यांत चिवट. जाड, पिवळ्या, भुसभुशीत नखांपैकी निम्म्याच्या आसपासच बुरशीची असतात. बाकी सोरायसिस, बुटाचा मार, वय. म्हणून महिनोन्‌महिने गोळी घेण्याआधी चाचणी हवीच. नमुना नखाच्या मोकळ्या टोकाचा चालत नाही, नखाखालचा भुसा शक्य तितक्या आतून घ्यावा लागतो. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२, यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच. गोळ्या संपतात तेव्हा नख अजून कुरूपच दिसत असतं, कारण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं आणि अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष जातं. गुण येतोय की नाही हे पाहायचं असेल तर औषध सुरू करताना निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवर कानशीने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ पुढे सरकली आणि तिच्या मागे नख स्वच्छ आलं, तर औषध लागू पडतंय. रोगट भाग रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर ते लागू पडत नाहीये, आणि हे दोन-तीन महिन्यांतच कळतं.